स्टेअरिंग जड कधी होतं?

जुन्या गाडीचं स्टेअरिंग जड झालं की गॅरेजमध्ये दोन शब्द पटकन कानावर पडतात: पंप आणि रॅक. दोन्ही महाग. दोन्ही बदलले तर तक्रार जाईलच, अशी खात्री मात्र कुणी देत नाही. माझं मत असं, की यांपैकी एकाचंही नाव घेण्याआधी गाडीवाल्याने एका प्रश्नाचं उत्तर शोधावं. स्टेअरिंग नेमकं कधी जड होतं? सकाळी गाडी काढताना, की तासभर चालवल्यावर? दोन्ही बाजूंना, की फक्त डावीकडे वळताना? उभ्या गाडीत, की चालत्या? फक्त पावसाळ्यात, की बारमाही? पॉवर स्टेअरिंगच्या बहुतेक बिघाडांची आपापली वेळ ठरलेली असते. ती कळली की शोध चार-दोन जागांपुरता उरतो.

त्यासाठी आधी ही रचना डोळ्यांसमोर हवी. 2000 सालच्या आसपास आणि पुढची दहा-बारा वर्षं आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग आहे. इंजिनाच्या पुलीवरचा पट्टा पंपाला फिरवतो. पंपाच्या पोटात खाचा असलेलं एक चाक आणि त्या खाचांत पातळ पाती असतात. चाक फिरलं की पाती बाहेर सरकतात, कडेला घासत जातात आणि तेल पुढे ढकलतात. हे तेल प्रेशर पाइपमधून पुढच्या दोन चाकांमध्ये आडव्या बसवलेल्या रॅकपर्यंत जातं आणि रिटर्न पाइपमधून टाकीत परत येतं. स्टेअरिंग सरळ असतं तेव्हा तेल नुसतं फिरत राहतं, दाब नाममात्र असतो. स्टेअरिंग वळवलं की रॅकच्या तोंडाशी असलेली पोलादाची एक बारीक दांडी, टॉर्शन बार, किंचित पिळली जाते. पीळ काही अंशांचाच असतो, पण तेवढ्याने तिच्याभोवतीच्या झडपेचे मार्ग सरकतात आणि रॅकमधल्या पिस्टनच्या एका अंगाला तेल शिरतं. चाक जितकं अडेल तितका पीळ वाढतो आणि तितका दाबही वाढतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग टोकाला नेलं, तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला 70 किलोंच्या पुढे सहज जातो. पिस्टनचं क्षेत्रफळ 8 चौरस सेंटिमीटर धरलं तरी रेटा 560 किलोंचा झाला. एका बोटाने गाडी पार्क करता येते ती या रेट्यामुळे.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने 1920च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम इथे अशी रचना मोटारीवर बसवून दाखवली. दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी गाड्यांत वापरली गेली आणि 1951 साली क्रायस्लरच्या इंपिरियल मोटारीतून सामान्य ग्राहकापर्यंत पोचली. मधल्या काळात रॅक, झडप, पंप सगळ्यांत सुधारणा झाल्या, तत्त्व तेच राहिलं. म्हणून इथे सांगितलेल्या तपासण्या कुठल्याही कंपनीच्या हायड्रॉलिक स्टेअरिंगला लागू पडतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ती माहीत नसली की लोक घाबरतात. तेलाचा दाब पूर्ण गेला तरी स्टेअरिंग आणि चाकं यांच्यातला लोखंडी दुवा कायम असतो. गाडी वळते, फक्त ताकद लावावी लागते. ती किती लावावी लागते, याचं मात्र आश्चर्य वाटतं. पॉवर स्टेअरिंग नसलेली मारुती 800 लोक आरामात वळवत होते, मग ही गाडी एवढी कशी अडते? 800 वजनाला हलकी होती आणि तिच्या स्टेअरिंगला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जास्त वेढे द्यावे लागत. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत मदत गृहीत धरून वेढे कमी ठेवलेले असतात. मदत गेली की तेच कमी वेढे हाताला भारी पडतात. घाटात एखाद्या वळणावर अचानक असं झालं, तर दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून वेग कमी करायचा आणि गाडी कडेला घ्यायची. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकची मदतही त्याच इंजिनावर चालते.

आधी जमिनीपासून

तपासणी चाकांपासून सुरू करावी, कारण तिथे खर्च नाही. पुढच्या चाकांत हवा कमी असेल तर टायरचा जास्त भाग रस्त्याला टेकतो आणि उभ्या गाडीत स्टेअरिंग जड लागतं. हवा ठरल्याप्रमाणे भरा आणि मगच पुढचा विचार करा. नुकतेच जास्त रुंद टायर टाकले असतील तर तेही लक्षात घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहा. (बाणाच्या खुणेचे, एकाच दिशेने फिरायचे टायर असतील तर हा प्रयोग करू नका.) ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, स्टेअरिंगचा काही संबंध नाही.

त्यानंतरची तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि नेमकी तीच टाळली जाते. सपाट जागी हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना अडण लावा, गाडीचा पुढचा भाग उचलून पक्क्या स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. इंजिन बंद ठेवा, किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडा आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. चाकं हवेत असल्यामुळे रस्त्याचा अडथळा नाही. इंजिन बंद असल्यामुळे पंपाची मदत नाही. रॅकमधलं तेल इकडून तिकडे ढकलावं लागतं म्हणून एकसारखा हलका विरोध जाणवेल, तो चालेल. पण स्टेअरिंग कुठे अडकत असेल, किंवा फिरवताना घट्ट, सैल, पुन्हा घट्ट असं लागत असेल, तर तो दोष तेलाचा नाही. नवा पंप टाकून तो जाणार नाही.

घट्ट-सैल-घट्ट असं दर अर्ध्या वेढ्याला होत असेल तर संशय एकाच जागी घ्यावा. स्टेअरिंगची दांडी सरळ रॅकपर्यंत जात नाही. वाटेत तिला एक-दोन ठिकाणी वाकावं लागतं आणि तिथे युनिव्हर्सल जॉइंट असतो. मिस्त्री त्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात. खालचा क्रॉस बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या बाजूला, चिखलपाण्याच्या माऱ्यात असतो. कोकणात किंवा मुंबईत दहा-बारा पावसाळे काढलेल्या गाडीत त्याच्या आतल्या सुईसारख्या बेअरिंगांना गंज चढतो आणि एका दिशेने तो वाकेनासा होतो. किनाऱ्यावरच्या गावातली एक जुनी डिझेल गाडी मी पाहिली आहे. तिचा रॅक बदलून झाला होता, पंप बदलून झाला होता आणि स्टेअरिंग तरीही वळणातून सरळ येत नव्हतं. ड्रायव्हरच्या पायांपाशी आडवं होऊन, टॉर्च लावून, दुसऱ्याला स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी जमली होती आणि अर्ध्या वेढ्यावर तो सांधा वाकण्याऐवजी सगळी दांडीच उचलल्यासारखी हलत होती. क्रॉस बदलला आणि तक्रार संपली. नव्या रॅकचे पैसे गेले ते गेलेच. अशी उदाहरणं विरळ नाहीत, म्हणून ही तपासणी कुणी टाळली की मला राग येतो.

दुसरी जागा म्हणजे पुढच्या शॉकअबसॉर्बरच्या माथ्यावरची बेअरिंग. ती जाम झाली की चाक वळताना स्प्रिंग तिच्याबरोबर पिळली जाते आणि मग ‘टंग’ असा आवाज करून सुटते. बॉनेट उघडून एकाने स्टेअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने, बोटं चेमटणार नाहीत अशा बेताने, स्प्रिंगला हात लावून बघावं. झटका हाताला लगेच कळतो. रॅकची हालचाल चाकांपर्यंत नेणारे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट, सुकले असतील तरीही स्टेअरिंग आपोआप मधोमध येत नाही. ते सैल झाले असतील तर खड्ड्यात खडखड होते आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवतो.

या प्लेवरून एक धोक्याची गोष्ट. रॅकच्या पाठीमागे एक अ‍ॅडजस्टिंग बोल्ट असतो. तो दातांना दातांवर दाबून धरतो. ‘प्ले काढून देतो’ म्हणत काही जण तो बोल्ट आवळतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे जुन्या रॅकचे मधले दात जास्त झिजलेले असतात आणि टोकाचे जवळजवळ नवे. मधल्या झिजेच्या मापाने बोल्ट आवळला की सरळ चालताना स्टेअरिंग छान घट्ट लागतं, पण वळणावर दात एकमेकांत रुतून बसतात. वळण संपलं तरी स्टेअरिंग परत येत नाही. रोज शहरात फिरणाऱ्याला ते चालून जाईल, पण आंबोली किंवा वरंध घाट उतरताना हाच बोल्ट जिवावर बेतू शकतो. प्ले बहुतेक वेळा टाय रॉड एंडमध्ये किंवा रॅकच्या रबरी बुशांत असतो. तिथे बघितल्याशिवाय त्या बोल्टला पाना लावू देऊ नका.

तेल काय सांगतं

लोखंडी सांधे निर्दोष निघाले की मग टाकीकडे वळायचं. टाकी इंजिनाजवळ असते, झाकणावर स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र असतं. काही टाक्यांवर गार आणि गरम तेलाच्या वेगवेगळ्या खुणा असतात, कारण तापलं की तेल फुगतं. नवं तेल बहुतेक गाड्यांत लाल आणि पारदर्शक असतं. पांढऱ्या टिश्यू पेपरवर दोन थेंब टाकून पाहा. तपकिरी डाग आणि जळका वास आला तर तेल तापून म्हातारं झालं आहे. काळपट दिसलं आणि बोटांत चोळल्यावर बारीक कण लागले, तर रबरी पाइप आतून सुटू लागले आहेत. चमचमणारे धातूचे कण दिसले तर पंप स्वतःलाच खात आहे.

तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात हवा तरी मिसळली आहे किंवा पाणी तरी. फरक ओळखणं सोपं आहे. थोडं तेल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. हवा असेल तर बुडबुडे वर येऊन तेल पुन्हा स्वच्छ होतं. पाणी असेल तर ते गढूळच राहतं. पाण्याने पंपाच्या आत गंज चढतो, तेव्हा तेल पूर्ण बदलण्यावाचून इलाज नाही.

हवा हा जास्त भेटणारा शत्रू. स्टेअरिंग वळवताना बॉनेटखालून घुंऽऽ असा कण्हल्यासारखा आवाज येतो, इंजिनाचा वेग वाढला की तो चढतो आणि स्टेअरिंग हातात थरथरतं. तेल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते, म्हणून रेटा तुटक मिळतो. तेल कमी असेल तर पंप हवा ओढणारच. पण पातळी बरोबर असूनही फेस येत असेल तर पंपाच्या ओढण्याच्या बाजूला बघा: टाकीपासून पंपापर्यंतचा जाड रबरी पाइप, त्याच्या क्लिपा आणि पंपाच्या तोंडाशी असलेली रबरी ओ-रिंग. इथे तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून ठिबकण्याची खूण कुठेच सापडत नाही आणि दोष पंपाचा नसताना पंपावर खापर फुटतं. ती ओ-रिंग काही रुपयांची असते. पंपाचा आवाज येतोय म्हणून पंप बदलण्याआधी ती आणि क्लिपा बदलून बघायलाच हव्यात. बऱ्याच टाक्यांच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने तुंबली तरी पंप उपाशी राहून असाच कण्हतो.

हवा काढण्याची रीत घाईची नाही. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद, टाकी भरलेली. स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा सावकाश फिरवायचं. दुसरा माणूस टाकीत बघत राहतो, पातळी उतरली की तेल घालतो. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा तसंच, प्रत्येक टोकाला क्षणभरच थांबून. आधी इंजिन चालू करून भराभर स्टेअरिंग फिरवलं तर पंप त्या हवेचा फेस करतो, आणि तो फेस निवळायला गाडी काही तास उभी ठेवावी लागते.

तेल कुठलं घालायचं हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि तेच पाळायचं. अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल डेक्सरॉन चालतं, काही जपानी कंपन्या स्वतःचं वेगळं तेल सांगतात, बऱ्याच जर्मन गाड्यांना हिरवं लागतं. लाल आणि हिरवं एकत्र करू नये. ब्रेक ऑइल तर थेंबभरही नको. त्याची जात वेगळी असते आणि त्याने स्टेअरिंगमधली रबरी सीलं फुगून मऊ पडतात. चुकून पडलंच तर इंजिन चालू न करता टाकी उपसून घ्यावी.

जुनं तेल बदलणं घरी जमण्यासारखं आहे. औषधांच्या दुकानातली मोठी सिरिंज आणि पातळ नळी घ्या, टाकीतलं तेल ओढून काढा, नवं भरा, दोन दिवस गाडी चालवा, पुन्हा काढा. सगळ्या यंत्रणेत मिळून साधारण लिटरभर तेल असतं. तीन-चार फेऱ्यांत रंग लाल दिसू लागतो. कण्हणारा पंप नुसत्या नव्या तेलाने शांत झाला, असंही कित्येकदा घडतं.

पट्टा

पट्ट्याची ओळख त्याच्या किंकाळीवरून होते. सकाळी गाडी चालू करून स्टेअरिंग टोकाला नेलं की चींऽऽ असा आवाज येतो, कारण त्या क्षणी पंपावर सगळ्यांत जास्त भार असतो आणि सैल पट्टा पुलीवर घसरतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि क्षणभर स्टेअरिंग जड झालं, तर भिजलेला पट्टा घसरला असं समजावं. अनेक गाड्यांत हाच पट्टा आल्टरनेटरही फिरवतो. अशा गाडीत स्टेअरिंग जड होण्याबरोबरच बॅटरीचा दिवा लागला तर पट्टा तुटला किंवा उतरला. इंजिन बंद ठेवून पट्टा पिळून त्याची आतली बाजू बघा. काचेसारखी चकाकी किंवा आडव्या चिरा दिसल्या तर बदला. तो कोरडा पडू नये म्हणून ग्रीस किंवा तेल लावणारे भेटतात. तसं कधीही करू नका, पट्टा आणखी घसरतो. चालू इंजिनाजवळ ओढणी, सैल बाही, पदर काहीही जाऊ देऊ नका.

पंप की रॅक?

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच हा महागडा प्रश्न उरतो, आणि इथे बाजूचं आणि तापमानाचं गणित कामाला येतं. पंप उजव्या-डाव्या दोन्ही वळणांना एकच तेल पुरवतो. म्हणून स्टेअरिंग एकाच बाजूला जड असेल तर पंप निर्दोष. दोष झडपेत किंवा रॅकच्या आतल्या सीलांत. चाकं उचलून इंजिन चालू केल्यावर स्टेअरिंग आपणहून एका बाजूला जाऊ लागलं, तर झडपच बिघडली.

दोन्ही बाजूंना जड असेल तर इंजिनाचा वेग थोडा वाढवून बघा. वेग वाढवला की हलकं होत असेल, तर पंप थकला आहे किंवा पट्टा सैल आहे. गाडी तापल्यावर, सिग्नलला उभी असताना जड होत असेल तर पंपाचा संशय आणखी पक्का होतो. तेल तापून पातळ होतं आणि झिजलेल्या पात्यांच्या फटीतून आतल्या आत निसटतं. याच्या उलट, सकाळी गार असताना जड आणि पाच-दहा मिनिटांत ठीक होत असेल तर रॅककडे बघावं. 1980च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही तक्रार इतकी पसरली होती की तिथल्या मेकॅनिकांनी तिला ‘मॉर्निंग सिकनेस’ असं नाव दिलं. झडपेवरच्या टेफ्लॉनच्या कड्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या घराला आतून खोबणी पाडली होती. सकाळी कड्या गार आणि कडक असत, तेल त्या खोबणीतून निसटे. तापल्यावर त्या फुगून फट बुजवत. जुन्या रॅकमध्ये सीलं कडक झाली की आपल्याकडेही असाच अनुभव येतो.

अंदाजावर पैसे घालवायचे नसतील तर प्रेशर गेजची चाचणी करायला सांगा. पंप आणि प्रेशर पाइप यांच्यामध्ये गेज आणि एक व्हॉल्व्ह बसवतात. इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की पंप किती दाब देऊ शकतो ते कळतं. हे पाच सेकंदांपेक्षा जास्त करायचं नाही, नाहीतर पंप जळतो. दाब पुस्तकात दिल्याइतका आला तर पंप चांगला. मग व्हॉल्व्ह उघडून स्टेअरिंग टोकाला न्यायचं. आता तेवढाच दाब दिसला तर रॅकही चांगला. कमी दिसला तर रॅकमध्ये तेल आतल्या आत निसटतं आहे. गेज नाही असं सांगून पंप आणि रॅक दोन्ही बदलायला लावणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणावी, असं मी निःसंकोच म्हणेन.

जाणारं तेल कुठे जातं

टाकीत वारंवार तेल घालावं लागत असेल तर ते कुठे जातं हे शोधलंच पाहिजे. नुसतं भरत राहणं धोक्याचं आहे. प्रेशर पाइपच्या जोडातून उडालेलं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर धूर होतो आणि आगही लागू शकते. आधी इंजिनाचा तो भाग पुसून कोरडा करा, एक दिवस गाडी चालवा आणि टॉर्च लावून बघा. तेल खाली आणि मागे ओघळतं, म्हणून सगळ्यांत वरचा ओला ठिपका शोधायचा. सगळं कोरडं असूनही पातळी उतरते, तेव्हा रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी भाते बोटांनी दाबून बघा. चांगला भाता हलका आणि रिकामा लागतो. आतलं सील गेलं असेल तर तो जड लागतो, आत तेल डचमळतं आणि क्लिपची कड जरा उचलली की लालसर थेंब मनगटावर येतो. बाहेरून काहीही न दिसता पाव लिटर तेल त्यात साठलेलं असू शकतं.

रॅकचं सील किट बदलून काम होईल की नाही, हे दांडीवर अवलंबून आहे. भाता मागे सारून, स्टेअरिंग टोकाला नेऊन, बाहेर आलेली चकचकीत दांडी पुसा आणि तिच्यावरून नख फिरवा. नख कुठेही अडलं नाही तर किट टिकेल. भाता फाटून पाणी गेलेलं असेल, गंजाचे खड्डे नखाला लागत असतील, तर नवं सील काही महिन्यांत फाटेल. तिथे दुसरा रॅक घेणंच स्वस्त पडतं. मुंबईत कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेच्या बाजारात जुना रॅक घेताना हीच नखाची परीक्षा दुकानातच करून घ्यावी.

प्रेशर पाइपला साधा रबरी पाइप आणि क्लिप हे तात्पुरतंही चालणार नाही. जेसीबीसारख्या यंत्रांचे हायड्रॉलिक होज बनवणारी दुकानं जुनी धातूची टोकं ठेवून मधला होज नव्याने दाबून देतात, ते काम चांगलं टिकतं. रिटर्न पाइपला दाब कमी असल्याने तिथे तेलाला चालणारा रबरी पाइप आणि चांगली क्लिप पुरते. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांमधली रसायनं रबर फुगवतात. कडक झालेल्या सीलाला त्याने थोडे दिवस मिळतात, फाटलेल्याला काहीही होत नाही. आणि पंप मोडल्यामुळे बदलत असाल तर टाकी, पाइप आणि रॅकमधलं जुनं तेल पूर्ण धुऊन काढा. जुन्या पंपाचा चुरा नव्या पंपालाही खातो.

तुमच्या गाडीत तेलाची टाकीच नसेल तर तिचं स्टेअरिंग बहुधा इलेक्ट्रिक आहे. तिथे तपासणी बॅटरीपासून सुरू होते. थकलेली बॅटरी, गंजलेली टर्मिनलं, सैल अर्थिंग यांनीही मदत बंद पडते आणि पिवळा दिवा लागतो. अरुंद जागेत पुन्हा पुन्हा स्टेअरिंग टोकाला नेल्याने मोटर तापली तर कंट्रोलर स्वतःच मदत कमी करतो. थोडा वेळ थांबल्यावर स्टेअरिंग पूर्ववत झालं तर तो बिघाड नव्हे. दिवा कायम राहिला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, आणि कोड कागदावर लिहून मागा.

काम कुठलंही झालं, तरी टाय रॉडला हात लागला असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील. दुरुस्तीनंतर आठवडाभर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी इंजिन गार असताना टाकीची पातळी पाहा. पुठ्ठा कोरडा आणि पातळी आहे तिथेच, असं सलग आठवडाभर दिसेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.